गोमूत्राची चव

मी वैद्य आहे आणि मला बाराही महिने सर्दी असते. ही दोन वाक्यं एकत्र ऐकली की लोक हसतात, म्हणून पहिलं मी पाटीवर लिहिलंय आणि दुसरं रुमालात लपवतो. पेशंट आपलं दुखणं सांगत असताना मी मध्येच शिंकतो. मग तो माझ्याकडे असा बघतो, जणू औषध कोणी कोणाला द्यायचं ते आधी ठरवायला हवं.

तरी दवाखाना चालतो, कारण मला बोलता येतं. विशेषतः गोमूत्रावर. गोठेवाला सकाळी किटली आणून देतो, मी ते आठपदरी फडक्यातून गाळतो, तपकिरी बाटल्यांत भरतो आणि मग माझी गाडी सुटते. सूज, पांडुरोग, यकृत. ग्रंथात काय म्हटलंय, चव कशी खारट, तुरट आणि शेवटी किंचित तिखट. "नाक दाबायचं, डोळे मिटायचे आणि एका घोटात संपवायचं," हे मी इतक्या तन्मयतेने सांगतो की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस रोज उठून तेच पितो. प्रत्यक्षात त्याचा एक थेंबही माझ्या ओठांना कधी लागला नव्हता. मला किळस येते, दुसरं काही कारण नाही.

माझ्यावर डोळे झाकून विश्वास ठेवणारं माणूस जगात एकच, माझी ताई. आई लवकर गेली, तेव्हा माझं नाक पुसण्यापासून मला वैद्य करण्यापर्यंत सगळं तिनेच निस्तरलं. ती मला अजून शेंबड्या म्हणते. तेवढं सोडलं तर माझा फार मान राखते. काही महिन्यांपूर्वी तिच्या पायांवर सूज आली, चेहरा पांढरा पडला, आणि मी मोठ्या थाटात तिला बाटली नेऊन दिली. मग दर रविवारी मी तिच्याकडे जायचो. ती माझ्यासमोर छोट्या वाटीत औषध ओतायची, नाक दाबून गटकन प्यायची, तोंड वेडंवाकडं करायची आणि म्हणायची, "बरं वाटतंय हो. पाय अगदी हलके झालेत." मी तरंगत घरी जायचो.

त्या रविवारी दार उघडायला तिला फार वेळ लागला. चौकट धरून उभी होती आणि "ये" एवढं म्हणायलाही तिला दम घ्यावा लागला. मी तिला खुर्चीत बसवलं, खाली वाकलो आणि तिच्या घोट्यावर अंगठा दाबला. खड्डा पडला. मी अंगठा काढून वाट बघत राहिलो, पण खड्डा काही भरेना.

"ताई, मोठ्या हॉस्पिटलात जाऊ या. आत्ताच्या आत्ता."

"काही नको. तुझं औषध चालू आहे ना? गुण येतोय त्याने."

"येत नाहीये."

"तुला काय कळतंय त्यातलं!" ती म्हणाली, आणि आपण कोणाला काय बोललो हे लक्षात येऊन तिने जीभ चावली.

एखाद्या शहाण्या माणसाने तिला सरळ उचलून नेलं असतं. मी दुखावलो. माझ्या औषधाने गुण का नाही? नक्की बाटलीच बिघडली असणार. वास घेऊन बघावं तर नाक दोन्ही बाजूंनी बंद. राहिली चव. सख्ख्या बहिणीला धाप लागलेली, आणि हे गृहस्थ बाटलीची अब्रू वाचवायला निघाले!

"अरे, राहू दे ते," ताई म्हणाली. पण मी वाटी भरली होती. आजवरचा सगळा उपदेश आठवला, मुळातच बंद असलेलं नाक दाबलं, डोळे मिटले आणि एका घोटात संपवलं. डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"अस्सल आहे!" मी कसाबसा म्हणालो. "खारट, तुरट, शेवटी तिखट. अगदी ग्रंथात दिलंय तसं. बाटलीत काही दोष नाही."

ताईचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, धाप वाढली. पण ती हसत होती.

"शेंबड्या, चहा आहे तो."

"काय?"

"कोरा चहा. त्यात मीठ आणि चिमूटभर सुंठ. तू पहिल्या दिवशी चव सांगितलीस ना, तशीच केली, कधी चाखून बघितलंस तर सापडायला नको म्हणून. तुझं औषध तेव्हाच मोरीत गेलं, मला तो वासच सोसेना." मग तिने डोळे बारीक केले. "म्हणजे तू कधीच घेतलं नाहीस?"

"नाही."

"लबाडा!"

आम्ही दोघंही हसलो. तिच्या हसण्याचा खोकला झाला, आणि टेबलाची कड धरून ती कितीतरी वेळ श्वास शोधत राहिली. माझं हसू जागच्या जागी विरलं.

"मग बरं वाटतंय म्हणायचीस ते?"

"तुझा चेहरा कसा फुलायचा ते तू कुठे बघितलंस? आणि मी हॉस्पिटलात गेले की गल्लीभर होणार. वैद्याची बहीणच दुसरीकडे गेली म्हणतील. मग तुझ्याकडे कोण येईल?"

लाज वाटते सांगायला, पण माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की चला, म्हणजे औषध हरलं नाही! ते पोटात गेलंच नव्हतं. आता नव्याने, नीट सुरू करू. वाक्य अगदी जिभेवर आलं होतं. पण त्याच जिभेवर अजून चहातलं मीठ होतं. मी वाक्य गिळून टाकलं.

"चपला घाल," मी म्हणालो.

तिचे पाय तिच्या चपलांत मावेनात. मग तिने माझ्या घातल्या आणि मी तिच्या. टाचा बाहेर लोंबकळत असलेला वैद्य बहिणीला धरून पायरी पायरी जिना उतरतोय, हे सगळ्या शेजाऱ्यांनी दारात येऊन पाहिलं. पाहू देत.

हॉस्पिटलातली डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची होती. तिनेही घोट्यावर अंगठा दाबला, खड्ड्याकडे बघत राहिली आणि मग विचारलं, "सध्या कुठलं औषध चालू आहे?"

ताईने एकदा माझ्याकडे बघितलं आणि खुर्चीत ताठ बसली. "माझा भाऊ मोठा वैद्य आहे," ती दम घेत म्हणाली. "त्याचंच औषध घेते. त्याच्यामुळेच इतके दिवस निभावलं."

डॉक्टर ते लिहून घ्यायला लागली.

"लिहू नका," मी म्हणालो. "खोटं बोलतेय ती. काहीही घेत नाही. मला वाईट वाटू नये म्हणून चहा पीत होती."

ताईने टेबलाखालून माझ्या हातावर चापट मारली आणि मग तोच हात घट्ट धरून ठेवला.

"इतके दिवस काहीच उपचार नाहीत?" डॉक्टरने मान वर केली. "घरात यांच्याकडे बघणारं कोणी नव्हतं का?"

"होतं ना," मी म्हणालो. "दर रविवारी येऊन बघत होतो मी."