डबा बोलला का?

मी बोलतोय, पण रोजच्या आवाजात नाही. रोज माझ्या तोंडी एकच वाक्य असतं, "इतके इतके रुपये प्राप्त झाले." पुढे नाही, मागे नाही. आज थोडं जास्त बोलणार आहे. बसा, चहा सांगतो असं म्हणालो असतो, पण मला हातपाय नाहीत. मी प्लास्टिकचा पांढरा डबा. पोटात सिमकार्ड आणि बॅटरी, पुढे जाळीचा भोंगा. ऑनलाइन पैसे आले की ते मोठ्याने सांगणं हा माझा जन्माचा धंदा.

माझा मुक्काम पोस्ट विसरवाडी. हायवेला लागून मुनव्वर पिंजारींचं गादी-उशीचं दुकान आहे, त्याच्या गल्ल्यावर मी बसतो. समोरून रात्रंदिवस ट्रक जातात. ड्रायव्हर लोक केबिनमध्ये टाकायला गादी घेतात, मानेखाली उशी घेतात. आत पिंजायचं यंत्र घरघरतं, आणि कापूस इतका उडतो की माझ्या जाळीत कायम पांढरी लव असते. मुनव्वरची आई हाजराबी ती दर जुम्म्याला ओढणीच्या टोकाने पुसते. यंत्रावर एवढी माया करणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

कंपनीच्या माणसाने मला इथे बसवलं त्या दिवशी मुनव्वरने विचारलं होतं, "हाई खोटं बोलस का?" माणूस हसला. म्हणाला, "याला खोटं बोलताच येत नाही." ते खरं आहे. पैसे आल्याशिवाय माझ्या तोंडून शब्द निघत नाही. पण मला खरंही नेहमी वेळेवर बोलता येत नाही, हे तो सांगायला विसरला.

गल्ल्यावर बसून मी माणसं ओळखायला शिकलो. दहा रुपये देणारा माझ्याकडे कान लावून उभा राहतो. मोठी रक्कम देणारा कधी कधी मोबाइल तुमच्या नाकासमोर धरतो, "देखा ना, गया!" असं म्हणतो आणि पाय उचलतो. असल्या माणसाला मुनव्वर हसत हसत सांगायचा, "भाऊ, डबाले बोलू दे, मंग जाय." दोघेतिघे असे पकडले गेले. एकाच्या मोबाइलवर आदल्या महिन्यातल्या पावतीचा फोटो होता! मुनव्वरने त्याला चहा पाजला, उशी काढून घेतली आणि पुढच्या गावाचा रस्ता दाखवला. गावात म्हणायचे, मुनव्वरभाईंना फसवायचं तर आधी डबा फोडावा लागेल.

मग गेल्या श्रावणात माझ्याकडून एक चूक झाली. सगळी गोष्ट तिथून सुरू होते.

वीरसिंग हा गावातलाच टेम्पोवाला. दहा वर्षं मुनव्वरचा माल वाहतो. त्याने केबिनसाठी गादी घेतली, सातशे रुपये पाठवले. त्या दिवशी नेट नव्हतं. मी गप्प.

"पैसा टाकी दिनात भाई," वीरसिंग म्हणाला.

"डबा बोलना नही, म्हणजे पैसा उना नही," मुनव्वर म्हणाला. समोर चार ड्रायव्हर उभे होते. त्यांच्यादेखत त्याने टेम्पोतली गादी खाली उतरवून घेतली.

"मी काय चोर शे का?" एवढंच वीरसिंग बोलला आणि निघून गेला.

दोन तासांनी नेट आलं आणि मी रिकाम्या दुकानात ओरडलो, "सातशे रुपये प्राप्त झाले." मुनव्वरचा चेहरा मी पाहिला आहे. त्याने ती गादी डोक्यावर घेतली, भर रस्त्याने टेम्पो स्टँडपर्यंत चालत गेला आणि सगळ्यांसमोर हात जोडले. घरी येऊन आईला म्हणाला, "अम्मा, आते कानले हात. डबा मुका ऱ्हायना म्हणीसन मानूस खोटा नही ऱ्हात."

चांगलं वाक्य होतं. त्याच वाक्याने घात केला.

मुनव्वरची मुलगी शगुफ्ता यंदा बारावी झाली. घरात इंग्रजी वाचणारी ती पहिली. तिला नंदुरबारला नर्सिंगला जागा मिळाली होती. बारा तारखेच्या आत फी भरायची, नाहीतर जागा दुसरीला. घरात बोलणं झालं की पुढच्या ऑर्डरच्या पैशावर फी भरायची. आणि जणू मागितल्यासारखी ऑर्डर आली. सुरतहून कोणी कामिनीबेन फोनवर बोलल्या. मुलींचं वसतिगृह आहे म्हणाल्या, साठ गाद्या हव्यात. आवाज साखरेसारखा. शगुफ्ता नर्सिंगला जाणार हे कळल्यावर म्हणाल्या, "बेटा, आमच्या मुलींसारखीच तू." भाव सत्त्याऐंशी हजारांवर ठरला. पैसे ऑनलाइन कंपनीतर्फे येतील, म्हणजे मला ज्या कंपनीने इथे बसवलं तिच्यातर्फेच, आणि तसा ईमेल येईल, असं ठरलं.

आठ दिवस यंत्र थांबलं नाही. शेवटच्या पाच गाद्यांना कापूस कमी पडला. हाजराबीने माळ्यावरचं गाठोडं खाली काढलं. नातीच्या लग्नाच्या गादीसाठी तिने चार वर्षं निवडून निवडून ठेवलेला कापूस होता तो.

"अम्मा, त्याले नका हात लावू," मुनव्वर म्हणाला.

"लगीन काय पळी जास का? पहिले पोरले शिकू दे," म्हातारी म्हणाली आणि गाठ सोडली.

सहा तारखेला दुपारी ईमेल आला. मोबाइल माझ्या शेजारीच होता. शगुफ्ताने मोठ्याने वाचून अर्थ सांगितला. तुमच्या खात्यात सत्त्याऐंशी हजार रुपये आले आहेत. सुरक्षेसाठी ते कंपनीने रोखून धरले आहेत. माल रवाना केल्याची बिल्टी चोवीस तासांत पाठवा, रक्कम मोकळी होईल.

आता बिल्टी म्हणजे काय, तर माल गाडीत चढल्याचा वाहतुकीचा कागद. मुनव्वरचे वडील जन्मभर सुरतेला कापूस पाठवत. बिल्टी तिथल्या पेढीवर पोहोचली की पैसे सुटायचे, एकदाही चुकले नाहीत. त्या घरात बिल्टीचा शब्द नमाजाइतका सरळ मानला जाई. मुनव्वरला इंग्रजी कळलं नाही, पण बिल्टी कळली. मान डोलावून म्हणाला, "कायदाना लोक शेत."

तरी त्याने मुलीला विचारलं. एरवी साध्या उशीचा भावही तो तिला विचारत नसे.

"बेटा, कागद खरा शे ना?"

शगुफ्ता ताठ झाली. तिने कंपनीचं चिन्ह पाहिलं. माझ्या पोटावर छापलंय तेच. रंग तोच. वडिलांचं पूर्ण नाव, दुकानाचं नाव. "खरं शे अब्बा. तुमनं पुरं नाव लिखेल शे."

नाव कामिनीबेनला कोणी सांगितलं होतं? हिनेच, फोनवर, एकेक अक्षर करून.

हाजराबी सुई थांबवून म्हणाली, "मन्हा समजमा नही उनं. पैसा उनात तं डबा कसा बोलना नही?"

मी तिच्याकडे पाहत होतो. घरात ज्या एकीला वाचता येत नव्हतं, तिनेच बरोबर जागी बोट ठेवलं होतं. माझ्या भोंग्यात एक शब्द असता, साधा "नाही" असता, तरी मी ओरडलो असतो. पण मला "नाही" म्हणायला कोणी शिकवलंच नाही. पैसे न येणं आणि नेट न येणं, दोन्हींसाठी माझ्याकडे एकच गप्प बसणं आहे.

"रोखेल शेत दादी, सुटनात की बोलई," शगुफ्ता म्हणाली.

सकाळी वीरसिंग टेम्पो घेऊन आला. गाद्या चढल्या. दोरी आवळता आवळता त्याने डोळा मारला. "भाई, डबा बोलना का? का गाद्या उतरावू?"

चार माणसं हसली. मुनव्वर लाल झाला. "तू ते आजून धरी बठना का? चाल, गाडी काढ."

टोमणा गमतीचा होता. पण त्यानंतर मुनव्वरने माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. टेम्पो सुरतेच्या दिशेने गेला, बिल्टीचा फोटो ईमेलने गेला. उत्तर आलं, पडताळणी सुरू आहे.

वीरसिंग दुसऱ्या दिवशी परतला. सुरतेबाहेरच्या एका पत्र्याच्या गोदामात माल उतरवून घेतला, वसतिगृह बिसतिगृह काही दिसलं नाही, म्हणाला. कामिनीबेनचा फोन बंद. मी गप्प. आठ तारीख, नऊ तारीख, मी गप्प. मधे एका ड्रायव्हरने उशीचे एकशे ऐंशी दिले आणि मी बोललो, तेव्हा घरातले तिघेही दचकून माझ्याकडे धावले. त्या धावण्याची मला आजही लाज वाटते.

मुनव्वरने तक्रार दिली, तेव्हा पोलीस चौकीवरून हेमांगी मॅडम चौकशीला आल्या. त्यांनी तो ईमेल उघडला आणि वरच्या कंपनीच्या नावावर बोट दाबलं. नावाखालून पाठवणाऱ्याचा खरा पत्ता बाहेर आला. कुठलं तरी फुकटचं खातं, कंपनीशी काडीचा संबंध नाही. "चिन्ह कोणीही चिकटवतं गं," त्या म्हणाल्या. "हा पत्ता पाहायचा. आणि पत्रावर विश्वास ठेवायचाच नाही, कंपनीचं ॲप आपल्या हाताने उघडायचं. पैसे आले असते, रोखले असते, तरी तिथे दिसले असते."

शगुफ्ताने ॲप उघडलं. त्या दिवशीच्या रकान्यात काही नव्हतं. दोन मिनिटांचं काम होतं.

"ऑनलाइन फसवणुकीच्या हेल्पलाइनवर सांगू का?" मुनव्वरने विचारलं.

"सांगा. पण तुमच्या खात्यातून पैसे गेलेच नाहीत, तर ते थांबवणार काय? माल गेलाय. शोध घेतो." त्यांच्या आवाजात शोध नव्हता.

बारा तारीख गेली. जागा दुसऱ्या मुलीला मिळाली. घरात कोणी शगुफ्ताला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. मुनव्वर फक्त म्हणाला, "पुढला साल देखूत, बेटा." ती आता दादीशेजारी बसून खोळी शिवते. मोबाइलला हात लावत नाही. इंग्रजी काही आलं की दुसरीकडे बघते.

आणि परवा आणखी एक ईमेल आला. हा खरा आहे. खऱ्या पत्त्यावरून आला, कंपनीच्या ॲपमध्येही तीच सूचना आहे. माझ्या सिमची मुदत या तीस तारखेला संपते. ॲपमध्ये जाऊन दुकानाची माहिती पुन्हा भरली नाही तर माझा आवाज बंद होणार.

मुनव्वरने मोबाइल मुलीसमोर धरला. "काय शे?"

तिने चिन्ह पाहिलं आणि मान फिरवली. "माले नका विचारू अब्बा."

"खोटंच व्हई," म्हणत त्याने तो पुसून टाकला. नावावर बोट दाबलं नाही. ॲप उघडलं नाही. सहा तारखेला जे दोन मिनिटांचं काम राहिलं, तेच परवाही राहिलं. तेव्हा डोळे मिटून खरं मानलं, आता डोळे मिटून खोटं मानतात. डोळे काही उघडले नाहीत.

आज तीस तारीख. मघाशी वीरसिंगने उशीचे दोनशे दिले, मी बोललो. हाजराबी म्हणाली, "बोलना वं बोलना," आणि माझ्या जाळीवरचा कापूस पुसला. आज जुम्मा नव्हता, तरी पुसला.

तुमच्या दुकानात माझा भाऊबंद असेल, तर त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ परस्पर लावू नका. उठा, आपल्या हाताने बघा. एवढंच सांगायचं होतं.

उद्या कोणी तरी मोबाइल नाकासमोर धरील, "देखा ना, गया!" म्हणेल. मुनव्वर माझ्याकडे पाहील. मी गप्प असेन. तेव्हा त्याला वीरसिंग आठवेल, डोक्यावरची गादी आठवेल, आणि तो म्हणेल, "नेट गयं व्हई. जाय भाऊ, बोलई तो नंतर."

आणि ते सगळे माझी वाट बघत बसतील.