लोखंडी पेटीतून हाक

मी वेळ मोजतो, असं लोकांना वाटतं. तसं नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी रेसिंगच्या छोट्या गाडीवर, म्हणजे कार्टवर, बसवायचा ट्रान्सपॉन्डर. तळहातावर मावेन एवढा, लाल प्लास्टिकचा. मला एकच गोष्ट येते. स्वतःचा सात आकडी नंबर सतत पुकारत राहणं. माणसाच्या कानाला ते ऐकू येत नाही. शर्यतीच्या रेषेवर डांबरात चीर पाडून एक तार पुरलेली असते. गाडी तिच्यावरून गेली की ती तार माझी हाक ऐकते आणि टेबलावरच्या मशीनला कळवते. वेळ मोजायचं काम त्या मशीनचं.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. १९९८ साली मी पुण्याच्या एका क्लबात आलो. माझ्यासारखे आम्ही चोवीस जण एका खोक्यात राहायचो. शर्यतीच्या दिवशी आम्हाला ड्रायव्हरांत वाटून द्यायचे, संध्याकाळी मोजून परत घ्यायचे. सात-आठ वर्षांत मी पुष्कळ ड्रायव्हर पाहिले. जिंकलेला माणूस इंजिनावरून हात फिरवतो आणि हरलेला माझ्याकडे संशयाने बघतो. जिंकल्यावर माझ्याकडे कुणी बघितल्याचं मला आठवत नाही.

२००६ च्या फेब्रुवारीत आमचं खोकं जालन्याला आलं. कापसाच्या एका बंद जिनिंग कारखान्याच्या आवारात नवीन डांबरी पट्टा टाकला होता, कडेने टायर रचले होते. शनिवारी दुपारी सव्वाचारला मी एका ठेंगण्या, जाडजूड मनगटांच्या माणसाच्या हातात पडलो. त्यांचं नाव इंद्रभान. जुन्या जालन्यात मस्तगडाकडे त्यांचं वेल्डिंगचं शेड होतं. शेजारी त्यांचा भाचा मच्छिंद्र उभा होता, वय तिशीच्या आतबाहेर. त्याने डावा हात पँटच्या खिशात घातलेला होता.

"डबी मागे बसवायची. उभी. बाण वर. जमिनीपासून एक वीत. शेवटी ही पिन लावायची," देणाऱ्याने सांगितलं. पुण्यात एवढं सांगून भागायचं.

"एवढीशी पिन?" इंद्रभान म्हणाले. "ह्या पिनेवर टिकतं का हे?"

"टिकतं, मामा," मच्छिंद्र म्हणाला. "समद्यांचं टिकून राह्यलंय."

"समद्यांचं मला नको सांगू."

शेडमध्ये गेल्यावर मी गाडी पाहिली. पाण्याच्या जुन्या पाइपांची चौकट, मोटारसायकलचं इंजिन आणि बसायला पाय कापलेली प्लास्टिकची खुर्ची. इथवर ठीक होतं. पण त्या गाडीवर जे जे फिरत होतं, ते सगळं झाकलेलं होतं. साखळीवर पत्रा, इंजिनाच्या पंख्यावर जाळी, एक्सलवर अर्धा पाइप. एवढी झाकपाक मी कुठल्याच गाडीवर पाहिली नव्हती.

त्याचं कारण मला इंद्रभानांच्या बायकोकडून, साखराबाईंकडून कळलं. त्या चहा घेऊन आल्या आणि शेजारणीशी हळू आवाजात बोलत उभ्या राहिल्या. तीन वर्षांपूर्वी मच्छिंद्र एका रोलिंग मिलमध्ये सळया कापायच्या मशीनवर होता. मशीनची जाळी तुटली म्हणून इंद्रभानांनी ती दुरुस्तीला शेडमध्ये आणली आणि सांजच्याला बसवतो म्हणाले. सांज व्हायच्या आत मच्छिंद्रची डाव्या हाताची दोन बोटं गेली.

"तवापासून ह्यांना काई उघडं दिसलं की करमत न्हाई," साखराबाई म्हणाल्या. "परवा माझ्या शिलाई मशीनीला पत्रा ठोकून राह्यले होते."

मिलवाल्यांनी मच्छिंद्रला गेटवर बसवलं. तिथे त्याला कुणी जड काही उचलू देत नसे. चहाचा ग्लाससुद्धा उजव्या बाजूला ठेवत. शर्यतीत नाव घालायला गेला, तेव्हा मैदानाचे प्रमुख काकासाहेब त्याच्या हाताकडे बघून अडखळले. ते निवृत्त क्रीडाशिक्षक, माणूस सरळ. त्यांनी कागदावर लिहून दिलं की तीन संधी मिळतील, आणि त्यांतली एक फेरी जरी बावन्न सेकंदांच्या आत मशीनवर नोंदली गेली तरी अंतिम शर्यतीत घेऊ. मच्छिंद्र ताबडतोब हो म्हणाला. माणसांना कीव येते, मशीनला येत नाही, हे त्याला त्या गेटवर बसून चांगलं कळलेलं होतं.

शनिवारी संध्याकाळी इंद्रभानांनी माझ्यासाठी पेटी केली. जाड पत्रा, सहा बाजू, आत पट्टी, पट्टीवर माझा होल्डर. मला आत उभं केलं, बाण वर केला, पिन लावली आणि झाकण लावलं. चार बोल्ट आवळून त्यांची डोकी हातोडीने चेचली, कुणी चोरू नये म्हणून. मग ती पेटी गाडीच्या मागच्या पाइपला पक्की केली.

"आता दगड येऊ दे न्हाई तर धोंडा," ते म्हणाले.

आत काळोख होता. मी माझा नंबर पुकारत होतो. हाक पत्र्यावर आपटून माझ्याकडेच परत येत होती. माझ्या अंगावर एक बारीक दिवा आहे. हिरवा असला की ठीक, लाल झाला की मला चार्ज करायचं असतं. रविवारी सकाळी तो लाल झाला. बघणार कोण? पेटीत असताना बाहेर जे घडलं, ते मी मागाहून ह्यांच्याच बोलण्यातून ऐकलं.

पहिली संधी नऊ वाजून दहा मिनिटांनी. गाडी तपासणाऱ्याने माझ्या पेटीवर बोटाने टकटक केलं, "मजबूत आहे" म्हणाला आणि पुढे गेला. मच्छिंद्रने तीन फेऱ्या मारल्या. रेषा मला खालून जाणवत होती. दर वेळी मी जीव तोडून ओरडलो. टेबलावर औरंगाबादहून आलेल्या उषाबाई लॅपटॉप घेऊन बसल्या होत्या. त्यांनी मान हलवली.

"सतरा नंबरची गाडी आली नाही."

"आली न्हाई म्हंजे?" इंद्रभान पुढे झाले. "तुमच्या म्होरून तर गेली!"

"मशीनवर आली नाही, मामा. पुढच्या वेळी येईल."

पुढच्या वेळीही आली नाही. सव्वाअकरा वाजले होते. या वेळी मच्छिंद्र चांगला सुटला होता. ब्रेक उशिरा लागत होते, वळणावर मागची चाकं जरा सरकून पुन्हा धरत होती. इतकी वर्षं गाड्यांच्या पाठीवर काढल्यावर एवढं मला कळतं. पण किती सेकंद, ते मला विचारू नका. ते मला कधीच कळलेलं नाही.

आता इंद्रभानांचा आवाज चढला. "पुण्याच्या गाड्या बराबर येतात अन् आमचीच येत न्हाई का? पाइपाची हाय म्हणून? खुर्ची लावली म्हणून?"

"मामा, चला," मच्छिंद्र म्हणाला.

"न्हाई चलत! दोन बारी गेलं पोरगं. दोन बारी! बाई, तुम्ही चहा पिऊन राह्यलत्या तवा?"

उषाबाईंनी कप खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर राग दिसत होता, पण त्या भांडल्या नाहीत. उठल्या, उन्हात चालत गाडीपर्यंत आल्या आणि मागे वाकून बघायला लागल्या.

"डबी कुठे आहे?"

"आत."

"आत म्हणजे?"

इंद्रभानांनी पेटीवर थाप मारली. मला आत दणका बसला.

उषाबाई सरळ झाल्या. मग म्हणाल्या, "लोखंडातून तिचा आवाज बाहेर येत नाही, मामा. पेटी काढा."

"पेटी काढली अन् डबी उडाली तर?"

"पेटी ठेवली तर तिसरी संधीही जाईल."

काकासाहेबांनी घड्याळ बघितलं. "अकरा पंचवीस झालेत. पावणेबाराला शेवटची संधी. वीस मिनिटं आहेत."

इंद्रभान हलले नाहीत. पत्र्यावर ठेवलेला त्यांचा पंजा तिथेच होता. मच्छिंद्र हत्यारांच्या पिशवीकडे गेला. परत आला तेव्हा त्याच्या डाव्या हातात ग्राइंडर होता, तीन बोटांत धरलेला. त्याने तो मामांसमोर धरला आणि धरूनच ठेवला. वजन काही कमी नव्हतं. इंद्रभान त्या हाताकडे बघत राहिले आणि मग त्यांनी ग्राइंडर घेतला.

पेट्रोलची टाकी पेटीपासून हातभर अंतरावर. साखराबाईंनी गोणपाट ओलं करून टाकीसमोर दोन्ही हातांनी ताणून धरलं.

"जल्दी करा," त्या म्हणाल्या, "पण माझ्याकडं नका उडवू."

पहिला बोल्ट तुटला. दुसरा. ठिणग्या गोणपाटावर चर्र करून विझत होत्या. आत पत्रा तापला आणि माझ्या प्लास्टिकला वास यायला लागला. तिसऱ्या बोल्टला चकती अडकून फुटली. नवी चकती लावण्यात दोन मिनिटं गेली. चौथा बोल्ट तुटला आणि माझ्या अंगावर ऊन पडलं.

"लाल दिवा लागलाय," उषाबाई म्हणाल्या.

"म्हंजे?"

"चार्जिंग संपत आलंय. कधीही बंद पडेल. दुसरी डबी शिल्लक नाही."

इंद्रभानांनी खुर्चीच्या पाठीला दोन भोकं पाडली, होल्डर बसवला आणि वितेने उंची मोजली. बाण वर केला. शेवटी पिन राहिली. त्यांच्या जाड बोटांतून ती दोनदा खाली पडली. तिसऱ्यांदा बसली. माझ्याभोवती आता काहीच नव्हतं. त्यांनी पेटी उचलून छातीशी धरली आणि ते बाजूला झाले.

अकरा सत्तेचाळीस. मच्छिंद्र सुटला.

चाकांनी उडवलेले खडे माझ्या अंगावर आदळत होते. पिन थरथरत होती, पण टिकली. माझ्यात जेमतेम दम उरला होता आणि मी तो एका नंबरासाठी जपत होतो. रेषा आली. मी पुकारलं आणि टेबलावर मशीन टुंग करून वाजलं.

"आली!" साखराबाई ओरडल्या.

पहिली फेरी चोपन्न पॉइंट आठ. दुसरी बावन्न पॉइंट नऊ. तिसऱ्या फेरीत शेवटच्या डाव्या वळणावर त्याचा डावा हात स्टिअरिंगवरून निसटला, पण लगेच त्याने पुन्हा पकडलं. मी रेषेवरून गेलो.

उषाबाईंनी आकडा दोनदा बघितला. "बावन्न पॉइंट चार."

गाडी थांबली. मच्छिंद्रने हेल्मेट काढलं, पण उतरला नाही. काकासाहेब चालत त्याच्यापर्यंत गेले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "पहिल्या दोन संधी तुझ्या चुकीने गेल्या नाहीत. मी डोळ्यांनी पाहिलंय. घेऊ या तुला."

मच्छिंद्रने वर बघितलं. मला वाटतं, त्या क्षणी त्याला हो म्हणावंसं वाटलं असेल.

"न्हाई सर," तो म्हणाला. "तुम्ही लिहून दिलं ते बराबर हाय. चार पॉइंट जास्ती झाले."

इंद्रभान पेटी धरून तसेच उभे होते. "बाई," त्यांनी उषाबाईंना विचारलं, "पहिल्या दोन बारीला किती झाले असते?"

"ते आता सांगता येणार नाही, मामा."

"बावन्नच्या आत?"

"खरंच सांगता येणार नाही."

त्यांनी मान हलवली. मग मच्छिंद्रकडे न बघता बोलले, "तवा जाळी काढून ठेवली म्हणून. अन् आज पेटी लावली म्हणून."

मच्छिंद्र उतरला. त्याने मामांच्या हातातली पेटी घेऊन जमिनीवर ठेवली आणि हेल्मेट त्यांच्या डोक्यात घातलं.

"हे काय करून राह्यला?"

"बसा. गाडी तुम्ही केली, तुम्ही कधी बसलात का?"

"मला न्हाई येत."

"उजवा पाय पळायला, डावा थांबायला. वेल्डिंग करण्यापेक्षा सोपं हाय."

जेवणाची सुट्टी झाली होती, पट्टा रिकामा होता. काकासाहेब म्हणाले, "एकच फेरी. अन् टायरांत घुसू नका."

इंद्रभान खुर्चीत मावत नव्हते. तरी बसले. रेषेवर मशीन टुंग वाजलं आणि मग बराच वेळ काही वाजलं नाही. वळणावर ते जवळजवळ थांबत, नीट बघत आणि मग पुढे जात. इतक्या हळू मला कुणीच कधी नेलं नव्हतं. परत रेषा आली. उरलं होतं ते सगळं एकवटून मी नंबर पुकारला.

"एक मिनिट चौतीस," उषाबाईंनी वाचलं.

"बैलगाडीनं गेल्ते का?" साखराबाई म्हणाल्या, आणि पहिला हसला तो मच्छिंद्र.

तो आकडा मच्छिंद्रच्या नावाखाली पडला होता. उषाबाईंनी विचारलं, खोडू का? तो म्हणाला, राहू द्या. तेवढ्यात माझा दिवा विझला. पुढे पुण्याला मला चार्जिंगला लावून पाहिलं, पण मी उठलो नाही. माझी बॅटरी बदलता येत नाही. जालन्याहून इंद्रभानांनी फोन करून मागितलं, म्हणून क्लबाने मला इकडे पाठवून दिलं. जालन्यात पुन्हा तशी शर्यत झाली नाही.

आता २००९ चालू आहे. मी मस्तगडाच्या शेडमध्ये भिंतीवरच्या फळीवर असतो, उघडा. तुमच्यापैकी कुणी कधी माझ्या भावंडांना गाडीवर बसवणार असाल तर एवढं ऐका. जे फिरतं ते जरूर झाका. साखळी झाका, मशीनचा पट्टा झाका, माणसाची बोटं जपा. पण ज्याची हाक दुसऱ्यापर्यंत पोचायची आहे, त्याच्याभोवती लोखंड घालू नका. पिन लावा आणि हात काढून घ्या.

मच्छिंद्रने गेटवरची नोकरी सोडली. तो इथेच असतो. या क्षणी तो ग्राइंडरने लोखंडी अँगल कापतोय, डाव्या हाताने नीट दाबून धरून. आणि इंद्रभान त्याच्याकडे पाठ करून बसलेत, चहाची वाट बघत.