काकवीची धार

आमच्या घरात दोन माणसं बिनसाखरेचा चहा प्यायची, बाबा आणि मी. बाबा प्यायचे कारण तो त्यांच्या धंद्याचा नियम होता. मी प्यायचे कारण लहानपणी मला कोणीतरी म्हणालं होतं, तुला काय गरज आहे, तू थोडीच धार सोडणार आहेस?

धंदा हुक्क्याच्या तंबाखूचा. तंबाखू वाईटच, डॉक्टरांचं आणि माझं त्यावर एकमत आहे, मी कधी नळी तोंडाला लावली नाही. पण आमच्या तीन पिढ्या त्यावर जेवल्या, आणि करायचंच आहे तर नीट करावं एवढंच माझं म्हणणं. आधी पान पाण्यात भिजवायचं, पिळायचं, कडूपणा उतरला की बारीक चिरून परातीत पसरायचं. मग काकवीत मध घालून ती कोमट करायची, झारीत भरायची आणि एका हाताने बारीक धार सोडत दुसऱ्या हाताने पान वरखाली करत राहायचं. काकवी कढत असली तर पान शिजतं. कमी पडली तर धूर घसा खरवडतो. जास्त झाली तर पान जळतच नाही, निखाऱ्याखाली नुसतं उकळत बसतं आणि खोलीभर करपलेल्या साखरेचा वास सुटतो.

किती घालायची याचं माप नाही, कारण काकवी दर खेपेला वेगळी येते. कधी गोडमिट्ट, कधी खारट, कधी जरा आंबूस. म्हणून धार सोडणारा आधी एक थेंब जिभेवर घेतो आणि जीभ सांगेल तसा मध घालतो. आणि म्हणूनच त्याने साखर खायची नाही. चहा कडू प्यायचा, लग्नघरी जेवायला बसलं तरी पानातलं गोड शेजारच्याला द्यायचं. बाबांच्या या व्रताची गिऱ्हाइकांना सुद्धा माहिती होती. लोक त्यांना चहा देताना दोनदा विचारायचे.

दुसरा नियम आजोबांनी घालून दिलेला: धार मुलींना शिकवायची नाही. मुलगी दुसऱ्या घरी जाते, जाताना घरचा हात घेऊन जाते. पान पिळायला मात्र मुलगी चालते, कारण पिळण्यात गुपित नसतं, नुसती कंबरदुखी असते. त्यामुळे मी फ्रॉकात होते तेव्हापासून परातीच्या या बाजूला बसून पिळत होते आणि त्या बाजूला बाबा धार सोडत होते. डोळे मिटून पिळायचा नियम काही कोणी केला नव्हता.

धार मिळणार होती धाकट्या भावाला. धाकटा स्वभावाने लोण्याचा गोळा, पण त्याच्या खिशात हात घाला, चॉकलेटचा कागद निघणारच. मला घरात सगळे ‘कडू’ म्हणत. चहामुळे म्हणत की जिभेमुळे, ते मी कधी विचारलं नाही. मध्ये माझं लग्न झालं. सासरच्यांनी माझा चहा गोड करून पाहिला, मग मला गोड करून पाहिलं, दोन्ही जमलं नाही. संसार काही मुरला नाही आणि मी बॅग घेऊन परत आले. बाबांनी एक शब्द विचारला नाही. म्हणाले, “आलीस? पान भिजलंय, पिळायला घे.” त्या वाक्यासाठी मी त्यांचं पुढचं पुष्कळ सोसलं.

गेल्या थंडीत बाबांना जोराचा ताप आला. उतरला, पण त्यानंतर त्यांचं जेवणावरचं मन उडालं. आणि थोड्याच दिवसांनी माल परत यायला लागला. आमचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे हुक्का पार्लरचे मालक, बाबांचे जुने स्नेही. त्यांनी निरोप पाठवला की चिलीम पेटत नाही, उकळते. पुढच्या खेपेलाही तेच.

“पोरांना निखारे ठेवता येत नाहीत,” बाबा गरजले. “गाढवाला गुळाची चव काय!”

धाकटा पार्लरमध्ये जाऊन आला आणि हळूच मला म्हणाला, “ताई, तिथे कारखान्याच्या तंबाखूचे डबे येऊन बसलेत. रंगीबेरंगी. मालक म्हणाले, एक शेवटचा माल द्या, मी स्वतः घरी येऊन ओढून बघतो. नाहीतर मग राम राम.”

आमचं दुसरं एवढं मोठं गिऱ्हाईक नव्हतं. मालक गेले की भट्टी थंड, परात उलटी, आणि मी पुन्हा कुणाच्या तरी घरची पाहुणी. मला ते नको होतं. मला ती परात हवी होती, हे मी आज उघड सांगते.

मग एका दुपारी आईच्या हातून कपांची अदलाबदल झाली. ट्रेमध्ये चार कप, दोन गोड, दोन कडू. धाकट्याने घोट घेतला आणि तोंड वाकडं करून खिडकीबाहेर थुंकला. माझा कडूच होता, म्हणजे त्याचा कप बाबांकडे गेला होता. आई जागीच उभी राहिली. आम्ही तिघं बाबांकडे बघत होतो. एकेकाळी साखर ढवळलेला चमचा नुसता बुडाला म्हणून अख्खा कप मोरीत ओतणारा हा माणूस. ते पेपर वाचत वाचत शांतपणे प्यायले, तळाशी राहिलेली साखरसुद्धा कप हलवून प्यायले, आणि म्हणाले, “आज चहा बरा झालाय.”

आईने ट्रे उचलला. धाकट्याने मोबाईल काढला. अळीमिळी गुपचिळी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“बाबा,” मी म्हणाले, “चहा गोड होता.”

“काय?”

“धाकट्याचा कप होता तो. दोन चमचे साखर होती त्यात. तुम्हाला लागली नाही.”

“उचलली जीभ लावली टाळ्याला!” पेपर जमिनीवर आपटला. “चाळीस वर्षं या जिभेवर घर चाललंय. तुला कळतं का काही?”

“मला कळतं. तुम्हाला कळेनासं झालंय, म्हणून माल उकळतोय. ताप तुमची चव घेऊन गेला, त्यात तुमचा काय दोष? पण आता धार दुसऱ्याने सोडायला हवी.”

“दुसऱ्याने म्हणजे तू?”

“मीच. कडू चहा या घरात आणखी कोण पितं?”

“मुलींनी झारीला हात लावायचा नाही. संपलं.”

“का? मी घरचा हात घेऊन जाईन म्हणून? जाऊन आले की बाबा! काय नेलं? स्टीलचा एक डबा नेला होता, तोसुद्धा परत आणलाय.”

धाकटा फसकन हसला. बाबा उठून आत गेले. आई मला म्हणाली, “अगं, काही गोष्टी बोलायच्या नसतात.” मी म्हणाले, “मग माल रोज परत येईल, तेव्हा काय बोलशील ते ठरवून ठेव.”

दुसऱ्या दिवशी शेवटची परात बसली. मी पिळलेलं पान चिरून पसरलं. बाबांनी काकवी कोमट केली, मनगटाच्या मागे थेंब घेऊन चाटला आणि मधाची बरणी उचलली. मी माझ्या बोटावर थेंब घेतला, त्यांच्या देखत. काकवी मुळातच गोडमिट्ट होती. तिला मधाचा एक चमचा पुरे होता, आणि बाबा ओततच होते.

“बस,” मी म्हणाले.

ते ओतत राहिले. मी परातीवरून वाकले आणि त्यांचं मनगट धरलं. जन्मात कधी मी त्या हाताला अडवलं नव्हतं. भीती वाटली, पण सोडलं नाही. दाराशी आई होती, धाकटा होता. कोणी पुढे आलं नाही.

“सोड,” बाबा म्हणाले.

“नाही सोडणार. मारायचं तर मारा. ही परात गेली तर सगळंच मुसळ केरात. तुमचा मान राखायचा म्हणून मी तुमचं नाव बुडू देणार नाही.”

 त्यांनी बरणी खाली ठेवली, हात पुसला आणि ते बाहेर गेले. मी त्या पातेल्यात साधी काकवी आणि वर लिंबाचे चार थेंब घालून गोडी मोडली, पुन्हा चाखली, पुन्हा घातली. जीभ ठीक आहे म्हणाली तेव्हा झारी भरली आणि धार सोडली. पहिल्यांदा धार तुटली. मग लागली. पान हाताला चिकटत नव्हतं पण ओलं होतं, अगदी तसं, जसं समोरून इतकी वर्षं बघितलं होतं.

माल मुरत पडला तितके दिवस बाबा माझ्याशी बोलले नाहीत. मीही बोलले नाही. मी त्यांचीच मुलगी आहे.

मालक आले ते ठरल्याप्रमाणे. जाडजूड माणूस, खुर्चीत बसला की खुर्ची कण्हते. मी चिलीम भरली, धाकट्याने निखारे ठेवले. मालकांनी एक झुरका घेतला, थांबले, दुसरा घेतला. धूर सरळ वर गेला. खोलीत करपल्याचा वास नव्हता, नुसता मधाचा.

“वा!” ते बाबांना म्हणाले. “ही जुनी चव! कुठे हरवला होता हो हात तुमचा?”

“बाबांच्या हाताला तोड नाही,” धाकटा घाईघाईने म्हणाला आणि त्याने माझ्याकडे डोळे वटारले. गप्प बस, असं.

गप्प बसले असते तर सगळं सुरळीत झालं असतं. माल गेला असता, बाबांचा मान राहिला असता, आणि मी मरेपर्यंत मागच्या खोलीत चोरून धार सोडत बसले असते.

“हात माझा आहे,” मी म्हणाले.

मालकांनी नळी खाली ठेवली. “म्हणजे?”

“काकवी मी चाखली, धार मी सोडली. पुढचा मालही मीच करणार. बाईच्या हातचा चालत नसेल तर आत्ताच सांगा, कारखान्याचे डबे आहेतच तुमच्याकडे.”

मालक हसले. लहान मुलाच्या बोलण्याला हसतात तसे. मग बाबांकडे वळले. “काय हो, पोरगी खरं बोलतेय का?”

बाबा जमिनीकडे बघत होते. ते नाही म्हणाले असते तर माझ्या शब्दाला त्या खोलीत काडीची किंमत राहिली नसती. तेवढ्यात आई चहा घेऊन आली. बाबांचा कप तिने नेहमीसारखा वेगळा, कडेला ठेवला होता. तिने तो पुढे केला.

“थांब,” बाबा म्हणाले. “यात साखर घाल.”

आईचा हात तसाच राहिला. मालकांचं हसू गेलं. हा माणूस साखर मागतोय याचा अर्थ त्यांना सांगावा लागला नाही.

आईने साखरेचा डबा आणला. बाबांनी स्वतःच्या हाताने, सगळ्यांना दिसेल असं, दोन चमचे भरून घातले आणि खणखण वाजवत ढवळलं. त्यांना त्यातली काडीची गोडी लागणार नव्हती. तरी एक मोठा घोट घेतला, मालकांच्या डोळ्यांत बघत.

मग डबा आईकडे सरकवून माझ्या कपाकडे बोट केलं.

“हिचा कडूच ठेव,” ते म्हणाले. “उद्या परात आहे.”