कोटाचा बंद

“कोट काढायचा, खुंटीला अडकवायचा, मग टेबलाशी यायचं,” दारातला शिपाई म्हणाला आणि हर्मिनानं नवऱ्याच्या कोटाची बाही धरली.

शाळेच्या त्या वर्गात आज चेक लोकांनी सुदेतेनमधल्या, म्हणजे आपल्या सरहद्दीवरच्या मुलखातल्या, जर्मनांची झडती लावली होती. हिटलरचं राज्य बुडून तीन आठवडे झाले होते. दंडाला पांढरी पट्टी बांधल्याशिवाय जर्मन माणसाला रस्त्यावर यायची सोय राहिली नव्हती. काल घरोघर कागद फिरला होता : त्या राजवटीची एकही खूण जवळ नाही, असं लिहून द्या. खोटं निघालं तर तळघर. तळघरातून कुणी परत आल्याचं अजून कुणाच्या ऐकिवात नव्हतं. तिच्या नवऱ्यानं, एवाल्डनं, सही करून टाकली.

एवाल्डला मिळालेलं पदक आता घरात खरंच नव्हतं. हा मुलूख जर्मनीला जोडला त्याची आठवण म्हणून एकोणचाळीस साली पोस्टातल्या सगळ्यांना रांगेत उभं करून ते छातीला टोचलं होतं. एवाल्ड बापडा टपाल निवडणारा कारकून. परवाच हर्मिनानं ते संडासाच्या खड्ड्यात फेकलं होतं.

पदकाची फीत मात्र तिनं केव्हाच काढून घेतली होती. लढाईत साधी नाडी मिळेना, आणि ही चांगली घट्ट विणीची, काळी-तांबडी-काळी, मधे पांढऱ्या रेघा. एवाल्डच्या कोटाला आतून मानेशी तिनं त्या फितीचा, खुंटीला अडकवायचा बंद शिवला आणि विसरून गेली. आपल्या काटकसरीचा तिला जन्मात पहिल्यांदा संताप आला.

“कोट माझ्याकडं राहू दे,” ती म्हणाली. “त्यांना थंडी बाधते.”

शिपायानं कोट ओढून घेतला. बंद खुंटीवर सरकवताना त्याचा हात थांबला. टेबलामागचा अधिकारी उठून आला. त्यानं बंद दोन बोटांत धरला.

“हा कुणी शिवला?”

हर्मिना एक पाऊल पुढं आली.

“मी,” एवाल्ड म्हणाला. “हिला काही माहीत नाही.”

एवाल्डनं आयुष्यात सुईत दोरा ओवला नव्हता. तुटलेलं बटणसुद्धा त्याच्याआधी तिला दिसायचं.

त्याला आतल्या दारानं नेलं. जाताना त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ती बोललीच असती.

संध्याकाळपर्यंत ती बाकावर बसून राहिली. मग शिपायानं बंद कापून घेतलेला कोट तिच्या हातात दिला आणि घरी जायला सांगितलं.

घरी आल्यावर तिनं आपल्या एप्रनची नाडी कापली, सुई ओवली आणि नवा बंद शिवला. मग तो रोज लावायचा त्याच खुंटीला कोट लावला.