तुपाच्या वाटीएवढं

मुक्ताबाईंनी पुरणात आणखी मूठभर गूळ टाकला, त्यावर खवा चुरला आणि चोरासारखं दाराकडं पाहिलं. घरात कुणी नव्हतं. आप्पासाहेब हार आणायला गेले होते आणि लेक-जावई श्रीरामपूरहून अजून निघायचे होते. तरी त्यांनी घाईघाईनं ते पुरण कालवून एका मोठ्या गोळ्यात भरलं. बाकीचे धोंडे साधेच होते. हा एकच वेगळा. त्यांच्या मते यात काही चूक नव्हती. जावयाचं पोट डॉक्टरनं लहान केलं होतं. तो खाणार फार तर एक धोंडा. मग त्या एकात अकरांचा दम नको?

मागच्या अधिक महिन्यात, तीन वर्षांपूर्वी, जावयानं, कल्याणनं, याच घरात बसून अकरा धोंडे खाल्ले होते. आता धोंडा म्हणजे काही पेढा नव्हे. कणकेच्या गोळ्यात पुरण भरून उकडलेला मुठीएवढा ऐवज असतो तो. दोन खाल्ले की चांगला धडधाकट माणूस भिंतीला टेकतो. आप्पासाहेबांनी ती गोष्ट इथं पुणतांब्यात विकास सोसायटीच्या ओट्यावर सांगितली, आणि गावभर फिरून ती परत आली तेव्हा अकराचे एकवीस झाले होते. मुक्ताबाईंनी काही दुरुस्ती केली नाही. जावयाला देव मानून जेवू घालायचा महिना तीन वर्षांतून एकदा यायचा, आणि जावई असा खाणारा. कशाला कमी करून सांगायचं?

काल रुपालीचा फोन आला होता.

"आई, नीट ऐक. त्यांना आग्रह करायचा नाही. एकदासुद्धा 'घ्या' म्हणायचं नाही."

"अगं पण..."

"अगं नाही अन् पण नाही. ऑपरेशनला चारच महिने झालेत. गोड नाही, घाई नाही. तू वाढलंस की ते नाही म्हणत नाहीत, माहितीये ना तुला?"

फोन ठेवला तेव्हा मुक्ताबाईंना राग आला नव्हता, भीती वाटली होती. लेकीच्या लग्नाला अकरा वर्षं झाली. जावयाशी त्या जे काही बोलल्या ते सगळं ताटावरून. "वाढू का?" "अजून एक?" "आमच्या हातचं आवडलं न्हाई व्हय?" सासूनं डोक्यावरचा पदर सावरून दाराआड उभं राहायचं आणि वाढायला तेवढं पुढं यायचं, ही त्यांची रीत. त्याच्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातलं त्यांना काही कळत नव्हतं, आणि त्याला त्यांच्या म्हशींतलं. आग्रहच काढून घेतला तर दोघांत बोलायला उरतं काय? लेकीनं एका फोनमध्ये त्यांना मुकं करून टाकलं होतं.

दुपारी कल्याण दारात उभा राहिला तेव्हा मुक्ताबाईंनी आधी त्याच्या मागं पाहिलं, जावई कुठं राहिला म्हणून. एकशे अडतीस किलोचा माणूस शंभरावर आला होता. गाल गेले होते. मान, जी या घरात आधी कुणी पाहिली नव्हती, ती दिसत होती. आप्पासाहेबांनी आहेराचा शर्ट मागच्याच मापानं आणला होता. त्यात आणखी एक पाहुणा सहज मावला असता. रुपाली हसायला लागली, कल्याणही हसला आणि बाह्या दुमडत मधल्या खोलीत पाटावर बसला. मुक्ताबाईंनी ओवाळलं, वाण दिलं आणि ताट मांडलं. ताटाशेजारी तांब्या-भांडं ठेवलं.

कल्याणनं तांब्या अलगद बाजूला सरकवला.

मुक्ताबाईंनी तो परत जवळ ठेवला. जेवणाऱ्या पाहुण्याजवळ पाणी नाही? चारचौघींनी पाहिलं तर शेण घालतील तोंडात.

"आई, जेवताना पाणी चालत नाही त्यांना," रुपाली म्हणाली. "जेवणाआधी अर्धा तास बंद, अन् नंतरही अर्धा तास."

"मग घास उतरतो कसा?" मुक्ताबाई बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली. हे आग्रहात मोडतं की नाही, ते त्यांना ठरवता येईना.

ताटात त्यांनी तो खास धोंडा ठेवला, वर तुपाची धार सोडली. कल्याणनं त्याच्याकडं एकदा पाहिलं, मग मटकीच्या उसळीची वाटी पुढं ओढली आणि छोट्या चमच्यानं खायला लागला. शेजारच्या पाटावर आप्पासाहेब होते. दहा मिनिटांत त्यांचे तीन धोंडे, आमटी-भात आणि ढेकर असं सगळं उरकलं. जावयाच्या वाटीतली उसळ तोवर जेमतेम बोटभर खाली गेली होती.

"हे काय, पाव्हणं? चिमणीचं जेवण झालं की हे."

"चिमणी जास्त खाते, मामा," कल्याण म्हणाला.

आप्पासाहेब हसले. जेवणाऱ्याशेजारी नुसतं बसून राहायची त्यांना सवय नव्हती. हात धुऊन, "आलोच सोसायटीत जाऊन," म्हणत ते बाहेर पडले. रुपालीनं डब्यात सहा धोंडे भरले आणि शाळेतली मैत्रीण पंकजा वेशीजवळ राहते तिला द्यायला निघाली. जाताना आईला डोळ्यांनीच दटावून गेली.

आता राहिले दोघं. कल्याण चावत होता. मुक्ताबाई दाराआड उभ्या होत्या.

या घरात पंगत कधी पाव तासावर चालली नव्हती. पुरुष उठायचे, मग बायका बसायच्या, आणि बायका उठेपर्यंत म्हशींच्या धारेची वेळ व्हायची. पाहुणा निवांत जेवतोय आणि सासू दाराला टेकून उभीये, अशी वेळच कधी आली नव्हती. उभं राहून मुक्ताबाईंचे पाय भरून आले. शेवटी त्यांनी आप्पासाहेबांचा रिकामा पाट ओढला आणि समोरच बसल्या. समोर बसल्यावर बघणं आलंच. एक घास. तोंड हलतंय, हलतंय, हलतंय. त्या मनात मोजत होत्या. बावीस. मग चमचा खाली. मग नुसतंच थांबणं. मग पुढचा घास.

"दाढ दुखती का हो?" त्यांना राहवलं नाही.

"नाही, मामी. पीठ होईस्तोवर चावायचं. नाहीतर इथं अडकतं." त्यानं छातीवर बोट ठेवलं. "मार्चमध्ये एकदा घाई केली. वरण-भाताचाच घास होता. तासभर येरझाऱ्या घालत होतो."

"अन् पाणी?"

"घोट घोट. सुरुवातीला तर चमच्यानं. दुकानात मोबाईलला गजर लावून ठेवला होता. वाजला की दोन चमचे पाणी. गिऱ्हाईक म्हणायचं, शेठ औषध घेताय का?"

मुक्ताबाईंना हसू आलं. पदर खांद्यावर आला होता, तो सावरायचंही त्यांच्या ध्यानात राहिलं नाही.

"केवढं ठिवलंय म्हणायचं पोट?"

"लहान. एवढंसं."

"एवढंसं म्हंजी?" त्या उठल्या आणि मांडणीवरून फुलपात्र घेऊन आल्या. "हे?"

त्यानं मान हलवली. मग आमटीची वाटी आली. "ही?"

"अजून लहान."

मग चटणीची आली, मग तुपाची. कल्याणनं तुपाची वाटी हातात घेऊन फिरवून पाहिली.

"सुरुवातीला एवढं असेल. आता आमटीच्या वाटीपर्यंत आलो असेन."

"अगं बया!" मुक्ताबाई ती वाटी तळहातावर घेऊन बघत राहिल्या. "अन् ह्यात मी एवढाला धोंडा कोंबणार हुते." मग त्यांनी खरं काय ते सांगून टाकलं. जादा गूळ, खवा, तूप, सगळं. "तुमी एकच खाणार म्हणून केलं. म्हटलं, थोडक्यात ताकद जाईल पोटात."

कल्याण इतका हसला की त्याला चमचा खाली ठेवावा लागला.

"मामी, तो खाल्ला असता तर इथंच आडवा झालो असतो. गोड जास्त झालं की घाम फुटतो, छाती धडधडते. एकदा झालंय तसं."

मुक्ताबाई हसल्या नाहीत. "खाल्ला असता का तुमी? मी घ्या म्हणले असते तर?"

कल्याणनं थोडा विचार केला.

"खाल्ला असता," तो म्हणाला.

मुक्ताबाईंनी त्याच्या ताटातला धोंडा उचलून एका वाडग्यात ठेवला आणि वाडगा लांब सरकवला. लेक फोनवर का ओरडली, ते त्यांना आत्ता कळलं. आपल्या हातानं आपण या माणसाला काय भरवत आलो, हेही कळलं. अकरा धोंड्यांची गोष्ट गावभर ऐकून फुशारलेल्या होत्या त्या. आता तिची लाज वाटली.

"ते अकरा खाल्लं, तेव्हाबी भूक नसायची व्हय तुमाला?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

"तेव्हा तर चोवीस तास असायची. पोट भरलंय असं मला कधी वाटलंच नाही, मामी. आणि आता भूक लागतच नाही. घड्याळ बघून खातो."

"कावळे वरडत न्हाईत?"

"एकसुद्धा नाही."

"मग भरलं ते कसं समजतं?"

"शिंक येते."

"शिंक?"

"कुणाला उचकी लागते, कुणाचं नाक वाहतं. मला शिंक येते. आली की थांबायचं. पुढं एक घास जरी घेतला तरी पस्तावायची पाळी."

शिंक म्हणजे मुक्ताबाईंच्या लेखी अपशकुन. कुणी घराबाहेर पडताना शिंकलं की जाणाऱ्याला परत बसवायचं. आणि इथं शिंक माणसाला ताटावरून उठवत होती. आता त्यांचं सगळं लक्ष जावयाच्या नाकाकडं लागलं. एक घास झाला. चमचा खाली. दुसरा घास. कल्याणनं मान मागं घेतली, डोळे मिटले आणि शिंकला.

"झालं?"

"झालं."

वाटीत निम्मी उसळ शिल्लक होती. कल्याणनं ती तशीच बाजूला ठेवली आणि तोंड पुसलं.

"आणि मामी, तुम्हाला कसं कळतं, पोट भरलं ते?"

"आमाला?" मुक्ताबाई हसल्या. "आमाला काय, पातेलं रिकामं झालं की कळतं."

थट्टेनंच म्हणाल्या होत्या त्या. पण कल्याण हसला नाही. उत्तराची वाट बघत बसून राहिला. तेव्हा त्या खरंच उत्तर शोधायला लागल्या, आणि ते सापडेना. या घरात येऊन त्यांना सदतीस वर्षं झाली होती. मागं उरेल त्यात भागवायचं. कमी उरलं तर वर तांब्याभर पाणी प्यायचं, जास्त उरलं तर टाकवत नाही म्हणून संपवायचं. भरलं का, असं त्यांना कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही पोटाला विचारलं नव्हतं. अठ्ठावन्न वर्षांचं आपलं स्वतःचं पोट, आणि त्याची खूण आपल्याला ठाऊक नाही, याचं त्यांना एकदम वाईट वाटलं. वाईट वाटता वाटता नवलही वाटलं.

"काय की हो," त्या म्हणाल्या. "कधी बघितलंच न्हाई."

कल्याण उठला. मांडणीवरून धुतलेलं ताट आणलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं. वाडग्यातला धोंडा त्यात वाढला.

"अवो पाव्हणं! आजच्या दिवशी तुमी वाढायचं? पाप लागंल मला."

"बसा हो. बघू तर तुमची खूण काय आहे."

"किती येळा चावायचं म्हणला?"

"वीस-पंचवीस. आणि दोन घासांच्या मधे थांबायचं."

मुक्ताबाईंनी घास मोडला. धोंडा अजून कोमट होता. धोंड्याच्या जेवणात त्यांच्या वाट्याला कोमटसुद्धा कधी आला नव्हता. चावता चावता पुरणाची चव उलगडत गेली. जायफळ जरा जास्तच पडलं होतं. दरवेळी पडत असणार, पण एवढ्या वर्षांत ना कुणी सांगितलं, ना त्यांना समजलं. कल्याण भिंतीला टेकून त्यांच्याकडं बघत होता. दुकानात नवी गुंडाळलेली मोटर चालू करून तो असाच तिला कान देऊन बसत असावा.

"आली का शिंक?"

"कुठं काय."

दुसरा घास झाला, तिसरा झाला. मुक्ताबाई मधेच थांबून नाकाला हात लावून बघायच्या, मग घशाला. उचकीही नाही. आठवा घास गिळला आणि त्यांच्या आतून एक लांब श्वास आपोआप सुटला. खांदे सैल पडले. त्यांनी ताटाकडं हात नेला, पण तो पुढं जाईना. पोटाला आणखी एक घासही नको होता, आणि ते तसं स्पष्ट सांगत होतं.

"आली," त्या हळूच म्हणाल्या.

तेवढ्यात रुपाली रिकामा डबा घेऊन आत आली आणि दारातच थबकली. आई पाटावर, समोर अर्धा धोंडा टाकलेला, आणि आजचा देव भिंतीला टेकून बसलेला.

"आई, हे काय? ताटात टाकलंस? बरं नाही का वाटत?" तिनं स्वयंपाकघरात जाऊन पातेल्यावरचं झाकण उचललं. "अगं, अजून नऊ आहेत इथं! आता हे संपवायचे कुणी?"

मुक्ताबाईंचे डोळे भरून आले होते, ते त्यांनी पदरानं पुसले.

"असू दे की नऊ," त्या म्हणाल्या. "माझं पोट भरलं, रुपे."