बिल्ल्याविना

प्रवेशाचा पिवळा प्लॅस्टिकचा बिल्ला, सेफ्टी पिनने त्या धाकट्या पोरीच्या पोहायच्या कपड्यावर टोचलेला, नंबर एकशे चौदा — लोरेनला तो आरामखुर्चीतूनही लख्ख वाचता येत होता, मग फाटकात हातभर अंतरावर उभ्या असलेल्या, कॉलनीच्या पोहण्याच्या तलावाच्या समितीतल्या गॉर्डनला दिसू नये? दिसत होता की! तरी पोरींच्या आईला, रोशेलला, त्यानं अडवलंच. "बिल्ला ठीक आहे हो, पण पत्ता असलेलं काही? लायसन्स वगैरे? नियम आहे." मागच्याच महिन्यात राहायला आलेलं, कॉलनीतलं एकमेव काळं कुटुंब... म्हणे नियम! लोरेनचा स्वतःचा बिल्ला सहा वर्षं स्वयंपाकघरातल्या खणात पडून होता, आणि त्या सहा वर्षांत तिला कुणी हटकलंसुद्धा नव्हतं.

बोल ना, बये. एवढंच म्हण — माझ्याकडे तर बिल्लाही नाहीये. रोशेल पिशवी उपसत होती, पोरी एकमेकींचा हात धरून आईच्या तोंडाकडे बघत होत्या, आणि आजूबाजूच्या खुर्च्यांतली गोरी मंडळी अचानक पुस्तकांत गढून गेली होती. लोरेननंही पान उलटलं. तीस वर्षं शाळेची ग्रंथपाल, दर फेब्रुवारीला, काळ्यांच्या इतिहासाचा महिना म्हणून, त्यांची पुस्तकं दर्शनी भागात मांडणारी बाई... आणि माझी आई, जेवताना, नजर ताटात ठेवून — "आपण कशाला मध्ये पडायचं?" — त्या वाक्यावर किती भांडले होते मी तिच्याशी! लायसन्स सापडलं, गॉर्डन हसून बाजूला झाला. झालं. संपलं.

संपलं कुठलं? ती उठून रोशेलपाशी गेली. "फार वाईट वाटलं हो मला. असं व्हायला नको होतं."

"मग तेव्हा का नाही बोललात?" धाकटीच्या दंडाला क्रीम चोळत, आवाज न चढवता रोशेल म्हणाली. "आता मी तुमची समजूत घालत बसू का? तो काय, तिथं फाटकात उभाय. त्याला सांगा."

लोरेनला राग आला, आणि तो रोशेलचाच आला — आपण एवढ्या चांगुलपणानं गेलो आणि ही बाई... मग त्या रागाचीच शिसारी आली. तशीच ती फाटकाकडे निघाली.

"गॉर्डन, माझ्याकडे बिल्ला नाहीये. लायसन्सही नाही. काढ मला बाहेर."

"अगं, तुला कोण विचारतंय? अख्खी कॉलनी ओळखते तुला."

"विचार म्हणते ना! तिला विचारलंस तसंच, सगळ्यांसमोर."

"ऊन लागलंय हिला," तो खुर्च्यांकडे वळून म्हणाला. "पाणी द्या रे कुणीतरी बाईला!"

सगळे हसले, आपल्या माणसाला हसावं तसे, मायेनं... आणि कळायच्या आत लोरेनही हसली. मी हसले. कुणी न सांगता, वीस वर्षांच्या सवयीनं. मघापर्यंत गॉर्डनवर चिडणं किती सोपं होतं! आता तो राग घेऊन कुणाकडे जायचं? पलीकडून रोशेल बघत होती. लोरेन फाटकातच उभी राहिली — गाल अजून हसण्यात ताणलेले, आणि काही केल्या ते तिला खाली आणता येईनात.