काचेआडचं ऊन

मित्रांनो, मी एक जुनी काच आहे. भट्टीत वाळू वितळवून मला घडवलं, कापलं आणि दुसऱ्या मजल्यावरच्या एका खिडकीत बसवलं. उजेड आत सोडायचा, वारा आणि धूळ बाहेर ठेवायची, एवढंच माझं काम. त्यात सुखदुःखाचा प्रश्न येत नाही.

त्या खोलीत शिवणकाम करणाऱ्या एक बाई राहत. मुलगा त्यांना आई म्हणे, म्हणून मीही म्हणते. नवरा गेला आणि आईंनी खिडकीची कडी लावली ती लावलीच. जिना उतरणं सोडलं. रडल्या मात्र नाहीत. मशीन चालवायच्या, जेवायच्या, झोपायच्या. मग कंबर धरली, पाय जड झाले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, रोज ऊन घ्या. मुलगा बस चालवायचा. त्याने आईंची खुर्ची माझ्यापाशी ओढली आणि सुट्टीच्या दिवशी मला ओल्या वर्तमानपत्राने लख्ख पुसू लागला. येणारा-जाणारा म्हणायचा, काय छान ऊन येतं हो तुमच्याकडे! मी आपली चमकत राहिले.

दुखणं काही हटेना. एकदा कात्री घ्यायला आई उठल्या आणि मटकन खाली बसल्या. त्यानंतर त्यांना उभं राहवेना. ही आता चालणारच नाही की काय, या विचाराने मुलाचा धीर सुटला.

डॉक्टरीणबाई घरी आल्या. गोळ्या लिहून देताना त्यांची नजर खुर्चीवर गेली. "ऊन इथेच बसून घेता?"

"रोज," मुलगा म्हणाला.

"अहो, काचेतून नुसती ऊब येते. आपली कातडी उन्हात 'ड' जीवनसत्त्व स्वतः तयार करते. पण त्याला लागणारे किरण काच आत येऊच देत नाही."

म्हणजे नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. एवढं कौतुक झालं, पण हे मलाही ठाऊक नव्हतं.

मुलाने कडीला हात घातला तशा आई म्हणाल्या, "राहू दे. खालचे आवाज येतात. त्यात ह्यांचा नसतो."

मुलगा थांबला. मग म्हणाला, "मलाही नाही ऐकू येत, आई." आणि त्याने खिडकी उघडली.

ऊन थेट त्यांच्या हातांवर पडलं. रस्त्यावर कुणी हसत होतं, कुणी कुणाला हाका मारत होतं. आई ऐकत राहिल्या आणि ओक्साबोक्शी रडल्या. तरी मुलाने खिडकी लावली नाही.

आता दिवसा खिडकी उघडी असते आणि माझं तोंड बाहेरच्या भिंतीकडे. मला कुणी पुसत नाही. आई मुलाचा हात धरून चार पावलं टाकतात, तेवढी चाहूल लागते. मित्रांनो, काच जरूर स्वच्छ ठेवा. पण घरात कुणी बंद खिडकीशी बसून राहिलं असेल, तर आधी ती उघडा, आणि घडीभर त्यांच्यापाशी बसा.